आते आंबोलीला उतरली

आमच्या आतेला घाटावर दिली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माहेर दाणोलीजवळ, घाटाच्या अगदी पायथ्याशी. सासर आजरा तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठी. मधे आंबोली. गणपतीला, मे महिन्यात, कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणाच्या दिवसांना ती एसटीने हा घाट उतरायची आणि चढायची. वर्षाला चार खेपा धरल्या तरी आजवर दोनशेच्या वर झाल्या असतील.

आणि इतक्या खेपांत ती आंबोलीला एकदाही उतरली नव्हती. बस स्टँडवर दहा मिनिटं थांबायची, पुरुष माणसं चहाला खाली उतरायची, आते खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून डोळे मिटून बसायची. तिला गाडी लागते. एकदा चढलेला माणूस मुक्काम येईपर्यंत हलता कामा नये, असा तिचा नियम.

काका गेल्यावर बाबांनी तिला सावंतवाडीला आमच्याकडे आणलं. भाद्रपद सरता सरता एक दिवस पोळ्या लाटताना ती म्हणाली, “गे बाय, त्या हिरण्यकेशीर माका एकदा घेऊन चल. पन्नास वरसां तिचा पाणी पियालंय, पण तिचा घर काय बघूक नाय.”

बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “थंय काय आसा? दगड आनि पाणी. पाणी काय हंय कमी आसा?”

“पाणीच बघायचंय मला,” आते म्हणाली. ती माहेरी आली की मालवणी बोलते, पण राग आला की घाटावरचं. तेव्हा विषय मिटला.

मी शाळेत भूगोल शिकवते. जलविभाजक म्हणजे काय, हे दर वर्षी फळ्यावर एक वाकडी रेघ ओढून सांगते: या बाजूला पडलेला थेंब अरबी समुद्रात, त्या बाजूचा बंगालच्या उपसागरात. आणि ती रेघ आमच्याच तालुक्यातून जाते. हिरण्यकेशी उगम पावते सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीला. पण कोकणात एक पाऊलही न टाकता पूर्वेला तोंड करून निघते ती आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आकाश स्वच्छ असेल तर आंबोलीच्या कड्यावरून समुद्राची रेघ दिसते. तो तेवढा जवळचा समुद्र सोडून ही बाई देशभर हिंडून पलीकडच्या समुद्राला जाते. पाऊस आमचा आणि नदी त्यांची, अशी बाबांची याबद्दल जुनी तक्रार आहे. माझी तक्रार माझ्याबद्दलच होती. धबधब्यावर मी दहा वेळा गेले असेन, पण उगमावर लग्नाआधी एकदा, तेही कॉलेजच्या घोळक्यात, म्हणजे काहीच न बघता.

रविवार टाळायचा हे पहिलं ठरलं. पावसाळ्यातल्या रविवारी आंबोलीत नदीपेक्षा गाड्या जास्त असतात. हस्त लागून दोन-तीन दिवस झाले होते. पावसाचा जोर गेला होता, पाणी मात्र भरपूर. गुरुवार पकडला. आतेने तयारीला लागून एक पिशवी भरली: आल्याचा तुकडा, आवळा सुपारी, एक रिकामी बाटली, टॉवेल, मिश्रीची डबी आणि रुमालात बांधलेली कसली तरी पुरचुंडी. तिच्यात काय आहे ते सांगेना.

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. कंडक्टरने विचारलं, “कार्ड आसा मां, आजी?” आतेने आधार कार्ड काढलं. पंच्याहत्तरच्या पुढे एसटी फुकट, बायकांना अर्धं तिकीट. माझं अर्धं, तिचं शून्य रुपयांचं. तिने तो कागद डोळ्यांजवळ धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. “शून्याचा तिकीट फाडतत कित्याक? कागद फुकट.” पण टाकून दिलं नाही. घडी घालून बटव्यात ठेवलं.

माडखोल गेलं, दाणोली आली. साटम महाराजांच्या समाधीच्या दिशेने तिने बसल्या जागी हात जोडले आणि लगेच आल्याचा तुकडा गालात धरला, कारण इथून घाट. हा रस्ता इंग्रजांच्या काळातला, वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावकडे माल चढवायला केलेला. बैलगाड्या इथून कशा चढत असतील, हे मला प्रत्येक वळणावर वाटतं. आतेला ते कधी वाटलं नसणार, कारण तिने घाट डोळे मिटूनच पाहिलाय.

या खेपेला मात्र डोळे उघडे होते. तिसऱ्या-चौथ्या वळणावर धुकं लागलं. आधी झाडांच्या शेंड्यांत, मग रस्त्यावर, मग थेट खिडकीतून आत. ड्रायव्हरने दिवे लावले. कड्यावरून ठिकठिकाणी पाणी उतरत होतं, बारीक, पांढरं, कुणी भिंतीवरून दोरे सोडावेत तसं. मोठ्या धबधब्यापाशी गुरुवार असूनही दहा-बारा गाड्या होत्या, मक्याच्या कणसांचा धूर होता, टपऱ्यांच्या छपरांवर माकडं बसली होती. एक माकड कुणाच्या तरी हातचा वडापाव घेऊन कठड्यावर गेलं आणि पाव फेकून फक्त वडा खाल्ला. आते खूश झाली. हे पाणी पश्चिमेचं, दाणोलीकडे उतरणारं, हे मी तिला सांगितलं. “म्हणजे ह्या माज्या माहेरचा,” ती म्हणाली. भूगोलाच्या पुस्तकात इतकं सोपं लिहायला हवं होतं.

स्टँडवर ती उतरली. एवढंच, उतरली. पण उतरल्यावर बसच्या दाराचा दांडा धरून ती क्षणभर तिथेच उभी राहिली, मागच्या माणसाने “आजी, पुढे सरा” म्हणेपर्यंत.

चहा घेतला. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे फार उंच नव्हे. पण समुद्रावरून येणारे ढग पहिल्यांदा आपटतात ते या भिंतीवर, त्यामुळे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुनी माणसं अजून इंचांत बोलतात. तीनशे इंच म्हटलं की ऐकणाऱ्याला खांद्यावर ओल आल्यासारखी वाटते. चहावाल्याच्या टपरीमागे दोरीवर टॉवेल वाळत घातले होते, त्यांच्या तोंडावरूनच कळत होतं की ते जूनपासून वाळतायत.

उगम स्टँडपासून काही किलोमीटर आत आहे. एका रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन आणि थांबून असं चारशेला ठरलं. आतेला ते महाग वाटलं. शून्य रुपयांत आंबोली गाठल्यावर सगळंच महाग वाटणार. वाटेत सडा लागला. जांभ्याचा काळा, ओला, उघडा खडक आणि त्याच्या खळग्यांत फुलं. सोनकी पिवळीधमक, तेरडा गुलाबी, गेंदाचे पांढरे गोळे, आणि अगदी जमिनीलगत सीतेची आसवं, निळी-जांभळी, गव्हाच्या दाण्याएवढी. ही शेवटची वनस्पती मुळांसारख्या धाग्यांवरच्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले किडे पकडून खाते. हे आतेला सांगितलं तर ती म्हणाली, “सीतामाईच्या नावान किडे खातत?” आणि रिक्षातून वाकून वाकून बघत राहिली.

याच सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला आंबोलीचा तो वाघासारखे पट्टे असलेला भेक दिसतो, झँथोफ्राइन टायग्रिना, २००९ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलेला. जगात इथेच सापडतो. आम्ही गेलो तोवर त्याचा मोसम कधीच सरला होता, पण रस्त्यावरून जाताना त्याला चिरडू नका असं मी रिक्षावाल्याला उगाच बजावलं. “बाई, जूनात मी उतरान हातान बाजूक करतंय,” तो म्हणाला. मी गप्प बसले.

रिक्षा थांबली तिथून पुढे पायवाट. फरसबंदी आहे, पण शेवाळलेली. एका बाजूला दाट झाडी, दुसऱ्या बाजूला ओहळ. हीच नदी. आतेने ते ऐकलं आणि चप्पल काढली. मला वाटलं भक्तीने. ती म्हणाली, “घसरता.”

एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी आमची वरात निघाली. ती दर दहा पावलांवर थांबायची आणि ओहळाकडे बघायची. रुंदी किती, तर एक बरा पोरगा उडी मारून पलीकडे जाईल इतकी. पाणी इतकं नितळ की खोली कळत नव्हती. मी पाय घातला तर घोटाभर वाटलेलं पाणी पोटरीपर्यंत आलं, आणि थंड असं की पाय आपोआप वर. आते आपल्या गावची नदी सांगायला लागली. पावसात आजऱ्याकडे ती कशी तांबडी होऊन फुगते, रामतीर्थावर खडकांवरून कशी घोंघावत जाते, महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते, उन्हाळ्यात चित्री धरणाचं पाणी सोडलं की कसा जीव येतो. “थंय ती मोटी बाईलमाणूस. हंय बघ, परकरातली पोर.” मग स्वतःच्याच बोलण्याला हसली.

अर्ध्या वाटेवर तिने पाय झटकला. पुन्हा झटकला. घोट्याच्या वर काळी दोऱ्यासारखी जळू, आणि एव्हाना दोरा चांगला फुगलेला. मी किंचाळले असेन, कारण पुढे चाललेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. आतेने शांतपणे पिशवीतून मिश्रीची डबी काढली, चिमूटभर मिश्री थुंकीत भिजवून जळवेवर ठेवली. जळू आधी आखडली, मग वेटोळं झालं, मग टपकन फरशीवर पडली. रक्त मात्र वाहत राहिलं, बारीक, न थांबता. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे ती सुटल्यावरही बराच वेळ जखम वाहते. मी हे सांगत होते तोवर तिने टॉवेलची पट्टी फाडून बांधलीही होती. “भाताच्या लावणीत दिवसाला चार-चार लागायच्या,” ती म्हणाली, घाटावरच्या बोलीत, पण रागाने नव्हे. त्या आठवणी त्याच बोलीतल्या आहेत.

कुंड दिसतं ते अचानक. झाडी मागे सरते आणि खडकाची गुहा, तिच्या तोंडाशी छोटंसं देऊळ, पुढे पाण्याने भरलेलं कुंड. देवी पार्वती, तिचंच नाव हिरण्यकेशी. पाणी आतून, खडकाच्या पोटातून येतं. आवाज फारसा नाही. मी मनात कसल्या तरी गर्जनेची तयारी करून गेले होते, आणि इथे ऐकू येत होतं ते स्वयंपाकघरात नळ किंचित उघडा राहिल्यासारखं.

कुंडाजवळ फलक आहे. हे देऊळ, कुंड आणि भोवतालची २.११ हेक्टर जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, ती एका माशामुळे. शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नवी प्रजाती जगासमोर आणली. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, तोंडाशी मिशा, दगडांच्या बुडाशी राहणारा. शहरातल्या नदीकाठच्या बागेत कारंजी असतात, घसरगुंडी असते, भेळवाला असतो. इथे बाग म्हणायची तर तीही अशीच आखलेली आणि राखलेली, फक्त दोन पेरांएवढ्या जिवासाठी.

देवळात एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पुजारी की सेवेकरी ते कळलं नाही. आतेने त्यांना नमस्कार केला आणि रुमालाची पुरचुंडी सोडली. आत तांदूळ होते. बुटके, जाडसर दाणे, आणि पुरचुंडी उघडताच वास. आजऱ्याचा घनसाळ. शिजायला लागला की गल्लीच्या टोकाला कळतं कुणाकडे पाहुणे आलेत. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आतेच्या मते त्यात सरकारचं काही कौतुक नाही, पाण्याचं आहे. ते पाणी म्हणजे हे. तिने मूठ भरली आणि कुंडाकडे वळली.

“पाण्यात काय टाकू नकात हां,” गृहस्थ म्हणाले.

“तांदूळ आसत. तिच्याच पाण्यार पिकलेले.”

“आसतीत. तुमी मूठ टाकतल्यात, मागचो बिस्कीट टाकतलो, तेच्या मागचो चिवड्याची पुडी फोडतलो. मगे मी कोणाकोणाक अडवू?”

मूठ तशीच वर राहिली. मला वाटलं आता घाटावरची बोली ऐकावी लागणार. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पन्नास वर्षांचं मनात धरलेलं, आणि समोर नियम. मला स्वतःला नियम पटत होता आणि तरी वाटत होतं, एक मूठ, एकदाच, कोण बघतंय. तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक कुटुंब आलं आणि त्यांच्या पोराने खरोखर कुरमुऱ्यांचा पुडा उघडला. आतेने ते पाहिलं. मूठ खाली आली. “मगे देवीच्या पायांकडे ठेव,” तिने पुरचुंडी माझ्या हातात दिली. “उंदीर तरी खातले.” आणि काठी आपटत पलीकडच्या पोराला ओरडायला निघाली. कुंडाचा नियम होऊन जेमतेम पाऊण मिनिट झालं होतं आणि तिला राखणदार मिळाला होता.

मग मासा बघायचा. त्यासाठी उभं राहावं लागतं, आणि नुसतं उभं. पहिली पाच मिनिटं फक्त आपलं तोंड आणि आभाळ दिसतं. मग डोळे पाण्याच्या आत जातात. तळाची वाळू, कुजकी पानं, तांबूस गोटे. काही बारीक मासे मधल्या थरातून झुंडीने फिरत होते, ते सहज दिसले, पण ते ते नव्हते. गृहस्थ मागून म्हणाले, “दगडाच्या कडेक बघा. लोक वर बघतत, तो खाली आसता.” नवीन शोध लागल्याचं मी काही बोलले, तर म्हणाले, “नवो खंयचो? आमी ल्हानपणापासून बघतंव. नाव नवा.”

वीसेक मिनिटांनी एका गोट्याची कड हलली. म्हणजे गोटा तिथेच होता, कडेचा पट्टा सरकला. फिकट अंग, त्यावर गडद आडवे डाग, एक सुळकांडी आणि पुन्हा गोट्याखाली. मला तो दिसला की वाटला, मी शपथेवर सांगू शकणार नाही. आते म्हणाली तिला स्वच्छ दिसला, मिशांसकट. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, माझं व्हायचंय, तेव्हा वाद घातला नाही.

बाटली भरायला हरकत नव्हती, पण कुंडातून नको, खाली ओहळातून घ्या, असं सांगितलं. तिने ओहळाच्या काठी बसून बाटली आडवी धरली. बुडबुडे येत होते तोवर तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते पाण्याच्या आवाजात कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

परतीच्या वाटेवर आठ रिकाम्या बाटल्या आणि एक डायपर वेचला. त्यावर जास्त लिहीत नाही, डोकं फिरतं.

स्टँडवर पोचलो तर आमची गाडी यायला वेळ होता. बाकड्यावर बसलो. पुन्हा धुकं उतरलं, समोरची दुकानं गेली, मग रस्ता गेला. त्यातून एक बस आली. पाटी वाचता येईपर्यंत ती अगदी जवळ आली होती. गडहिंग्लज. आते उठली. पिशवी काखेला मारली, काठी घेतली आणि सरळ बसकडे चालू लागली. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही, का ते सांगता येत नाही. दाराच्या पायरीवर तिने एक पाय ठेवलासुद्धा.

“आजी, कुठं जायाचं?” आतून कंडक्टरने विचारलं.

आते त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे. पाय खाली घेतला. “न्हाय बा,” ती त्याला म्हणाली, “सवयीनं आले.” बस गेली. ती परत येऊन बाकड्यावर बसली आणि घोट्याची पट्टी नीट बांधत राहिली. ती आधीच नीट होती.

आमची गाडी पाऊण तास उशिरा आली. दुसरं शून्याचं तिकीट पहिल्याजवळ बटव्यात गेलं. घाट उतरताना ती झोपली. आल्याचा तुकडा पिशवीत तसाच राहिला.

घरी आल्यावर तिने ती बाटली फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवली आणि कुणी हात लावू नये म्हणून गळ्याला लाल दोरा बांधला. सकाळी तुळशीला थोडं, बाकी काकांच्या महाळाला, असं तिचं ठरलं होतं. बाबा रात्री तहानेने उठले. अंधारात त्यांना दोरा काय दिसणार.

सकाळी सहाला मी जागी झाले ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने.

“माझं पाणी कुणी पिलं रं?”

अस्सल आजऱ्याचं. बाबा चहा न घेताच फिरायला निघून गेले होते.